सर गॉडफ्रींचा कांद्याचा चषक

हेल्मार डीट्झच्या कांद्यांना हॅगर्बीत तोड नव्हती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ऑगस्टच्या भाजीपाला प्रदर्शनात कांद्यांच्या टेबलावर त्याचं नाव कधी लागलं नव्हतं. गाजरं मांडायचा, बटाटे मांडायचा. कांदे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकायचा.

कारण तो चषक. पाच एकसारख्या कांद्यांसाठीचा हा चांदीचा चषक सर गॉडफ्री लेंचमनी ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या धावपट्ट्यांवरून जर्मनीवर जाणारी बॉम्बफेकी विमानं त्यांच्याच हुकमानं उडत. निवृत्त झाल्यावर ते हॅगर्बीत राहिले आणि कांद्यांच्या नादी लागले. जिंकणाऱ्यानं चषक उंचावून 'सर गॉडफ्रींच्या नावानं' म्हणायचं आणि मग त्यातून बिअर प्यायची, असा रिवाज पडला होता.

हेल्मार जर्मनीतल्या कासेलचा. त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात एका रात्रीत बॉम्बनं लागलेल्या आगीत त्याची आई, बहीण आणि सगळी गल्ली गेली. तो तेव्हा सैन्यात होता. पुढच्या वर्षी पकडला गेला, कैदी म्हणून इंग्लंडात, इथे लिंकनशायरात बीट उपटायला आला, आणि डोरीन भेटली म्हणून इथलाच झाला.

सर गॉडफ्रींशी त्याचं भांडण असं नव्हतं. ते स्वतः चौदा वर्षं आपल्याच चषकासाठी झगडले आणि चौदा वर्षं हरले. एकदा ते हेल्मारच्या कुंपणाशी आले. कांदे कुजतात, काय करू, असं विचारलं. पाणी कमी घाला, हेल्मार म्हणाला. मग त्यांनी त्याचं मूळ गाव विचारलं. त्यानं सांगितलं. म्हातारा वाफ्याकडे बघत राहिला, टोपीला हात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सर गॉडफ्रींनी ठेवलेलं एक पोतं होतं. आत चिमणीची काजळी. कांद्यांना तिच्यासारखं खत नाही, हे इकडचा कोणीही सांगेल. पण कासेलच्या माणसाला काजळी. हेल्मार आणि डोरीन स्वयंपाकघरात पोट धरून हसले. मग हेल्मार एकटाच बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. काजळी त्यानं वापरली. चांगली होती.

सर गॉडफ्री गेले, चषक राहिला. नऊ वर्षं तो बर्ट स्केल्टनच्या घरी जात होता. बर्ट गावचा पोस्टमन. युद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीतल्या बंदुकीवर बसायचा. पत्रं द्यायला आला की फाटकाशी थांबून हेल्मारच्या कांद्यांची पात किती पिवळी पडली ते रोज सांगायचा.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात डोरीनचा धीर सुटला.

"बर्टचे कांदे आतून पोकळ आहेत, हे मी नऊ वर्षं जेवताना ऐकतेय," ती म्हणाली. "एकदाचे मांड, नाहीतर गप्प बस."

हेल्मारनं त्या तीन शब्दांची अडचण सांगितली. ते आपल्या तोंडून निघणार नाहीत, आणि न म्हणता पिणं म्हणजे गावाचा अपमान.

"जिंकशील असं कोण म्हणालं?" डोरीन म्हणाली.

हे त्याला लागलं. त्यानं कांदे मांडले.

परीक्षक नेहमीप्रमाणे परगावचा. नावांची कार्डं पालथी. त्यानं पाच पाच कांद्यांचा एकेक संच हातात घेतला, माना दाबल्या, घेर मोजला, आणि एक कार्ड उलटलं. हेल्मार डीट्झ. टाळ्या पडल्या आणि मध्येच थांबल्या. पुढे काय म्हणायचं असतं ते प्रदर्शनाच्या तंबूत सगळ्यांना एकदमच आठवलं. सर गॉडफ्रींचा फोटो खांबावर होताच.

चषक भरून द्यायचा तो गेल्या वर्षीच्या विजेत्यानं. बर्टनं पिंपातून बिअर भरली आणि फेस खाली बसेपर्यंत हेल्मारच्या अगदी जवळ उभा राहिला.

"बर्ट, मला नाही म्हणता येणार," हेल्मार हळूच म्हणाला.

"मला तरी कुठे येतं?" बर्ट पुटपुटला. "त्यानं आम्हाला तीस वेळा पाठवलं. शेवटच्या खेपेला मी एकटा परत आलो. मी तोंडानं म्हणतो 'सर गॉडफ्री', आणि मनात आमच्या विमानातल्या सहा पोरांची नावं घेतो. नऊ वर्षं तेच करतोय. तू तुझी घे."

हेल्मारनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याला फक्त पोकळ कांदेवाला समजत होतो, तो हाच का, असं त्याला वाटलं.

त्यानं चषक उंचावला. "सर गॉडफ्रींच्या नावानं," तो म्हणाला. आवाज नीट निघाला. मग डोळे मिटून तसाच उभा राहिला. आई. बहीण. कोपऱ्यावरचा पाववाला. पाववाल्याच्या तीन मुली. वरच्या मजल्यावरची वाद्यं दुरुस्त करणारी म्हातारी. लोकांची चुळबुळ सुरू झाली. चषक कलला, बिअर मनगटावर आली.

"अजून किती आहेत?" बर्टनं कानाशी विचारलं.

"गल्ली लांब होती."

बर्टनं खालून चषकाला हात लावला आणि तोलून धरला. घाई केली नाही. नावं संपल्यावर हेल्मारनं डोळे उघडले आणि चषक एका दमात रिकामा केला. तंबूनं सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. डोरीन नाक पुसत होती आणि कोणी विचारलंच तर फुलांच्या परागानं नाक वाहतंय म्हणून सांगत होती.

"हेल्मार," बर्ट चषक पुन्हा भरत म्हणाला, "या कांद्यांचं बी मला देशील ना?"

"नाही," हेल्मार म्हणाला.