तद्दन खोट्या राणीचा दुसरा भाग

लग्न होऊन सानगडीला आले तेव्हा मला बिडी वळता येत नव्हती. लाखनीला माहेरी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, पण तेंदूच्या पानात जर्दा भरून ते नीट कसं गुंडाळायचं, हे काही कोणी शिकवलं नाही. आणि इथं तर धानाची कामं आटोपली की गल्लीतल्या सगळ्या बायका दुपारी आमच्या घरापुढच्या छपरीत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसायच्या. कारखान्यासाठी बिड्या गोळा करणारा सट्टेदार माझ्या बिड्या पाहून कपाळाला हात लावायचा. सगळा माल छाटात, म्हणजे नापास, मेहनत फुकट. मला रडू यायचं.

शेवटी बायकांनीच तोड काढली. "तू हात नोको चालवू वं बाई, तोंड चालव," त्या म्हणाल्या. मी पुस्तक वाचायचं, त्यांनी बिड्या वळायच्या, आणि उठताना प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर बिड्या माझ्या सुपात टाकायच्या. छपरीची ही रीतच पडली. ग्रामपंचायतीच्या खोलीत एक वाचनालय होतं. माझा नवरा त्याचा सभासद, पण त्यानं कधी पुस्तक उघडलं असेल तर शपथ! त्याच्या नावावर मी पुस्तकं आणायची.

आधी मी संतचरित्र वाचलं. बायका जांभया देऊ लागल्या. मग ती कादंबरी हाती आली. सत्तरचं दशक तेव्हा संपत आलं होतं आणि असली पुस्तकं गावोगावच्या वाचनालयांत वर्तमानपत्राचं कव्हर घालून फिरायची, कारण आतल्या मुखपृष्ठावरची राणी ओलेती असायची. नावाला ऐतिहासिक. लढाया थोड्या, महाल फार. प्रत्येक प्रकरणात राणी आणि तिचा सेनापती एकांतात भेटायचे आणि तिच्या कंचुकीची गाठ सुटायची म्हणजे सुटायचीच. पहिल्यांदा ती गाठ आली तेव्हा माझे कान तापले. मी चार ओळी गाळून सरळ सकाळ करून टाकली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता तं दिवा लावला होता. लगेच कोंबडा कसा आरवला? मधलं कोठी गेलं?"

आमच्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्या कानांतून काही निसटत नसे. सगळी गल्ली त्यांना टरकून असायची, मग माझी काय कथा! मी मान खाली घालून गाळलेलं सगळं वाचलं. छपरीत पानं कापणाऱ्या कैच्या थांबल्या. मी घाबरून वर पाहिलं, तर सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

"खोटं!" त्या म्हणाल्या. "तद्दन खोटं! बाई घोड्यावर दिवसभर उधळून आली, अन् आल्याबरोबर हे? तिची कंबर दुखली नसन? अन् त्याचं चिलखत? थे कोनं काढलं? का तसाच खणखणत गेला?"

बायका हसून हसून लोळल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी न्यायनिवाडा सुरू झाला. गुलाबपाण्याची आंघोळ आली की सासूबाई विचारायच्या, पाणी कोणी तापवलं, दासी कुठं तडफडल्या? राणी रात्रभर जागून पहाटे दरबारात ताजीतवानी बसली की छपरीतून एकच आवाज उठायचा, खोटं! शेजारच्या घरातल्या एकीचं मत मात्र वेगळं होतं. तिचा नवरा चिखल्याच्या खाणीत कामाला. महिन्यातून एखादवेळी घरी यायचा, आणि आला की झोपायचा. ती एकदा हळूच म्हणाली, "खोटं असू द्या ना, आत्याबाई. पन त्यानं तिच्या कपाळाचा घाम पुसला ना आपल्या शेल्यानं. आपला कोनं पुसला कधी?" त्यावर कोणी हसलं नाही. सासूबाईंनी हातातली बिडी सुपात ठेवली. मग म्हणाल्या, "थे घामाचं आणखीन एकडाव वाच वं." मी वाचलं.

खरं सांगते, त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या होत्या. छाटातल्या बिडीसारखी बाजूला पडलेली सून मी, पण माझ्या तोंडाकडे सगळ्या छपरीचे डोळे लागलेले असायचे.

पहिला भाग संपला. सेनापती कैदेत, राणी वेषांतर करून निघालेली, आणि दुसऱ्या भागासाठी आमचा जीव टांगणीला! मी वाचनालयात गेले तर तिथं वेगळंच शिजत होतं. कुणाच्या तरी नवऱ्यानं छपरीतलं हसणं ऐकून तक्रार केली होती. वाचनालयाचे अध्यक्ष, निवृत्त गुरुजी, म्हणाले, "रविवारी सभा आहे. ही पुस्तकं काढून टाकायची, आणि बायकांना नवऱ्याच्या नावावर पुस्तकं द्यायची नाहीत, असा ठराव येतोय."

पुस्तक गेलं की मी परत त्या छाटातल्या बिड्यांत.

गुरुजी वाईट नव्हते हो. इतिहासावर त्यांचा जीव होता. ते मुद्दाम आमच्या घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "ते पुस्तक खोटं आहे, असं तुम्ही रोज म्हणता असं ऐकलं."

"तद्दन खोटं जी," सासूबाई म्हणाल्या.

"मग सभेत येऊन तेवढंच सांगाल?"

"सांगतो ना. कोनाच्या बापाले भेतो का?"

गुरुजी खूश होऊन गेले. मी मात्र रागानं धुमसत होते. रोज पोट धरून हसली ही बाई, आणि आता माझ्याच गळ्यावर सुरी! रविवारपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्या आपल्या पानं कापत बसल्या.

सभेत सतरंजीवर पुरुष, आणि आम्ही सगळ्या दाराशी. टेबलावर पुरावा म्हणून दुसरा भाग ठेवला होता. गुरुजी तळमळून बोलले. "अहो, राणी वारली तेव्हा हा सेनापती पाळण्यात होता! पाळण्यात! आणि हा लेखक त्यांचा शृंगार रंगवतो!" पुरुषांनी माना डोलावल्या. मग गुरुजींनी सासूबाईंकडे हात केला. "या रोज ऐकतात. यांनीच सांगावं."

सासूबाई पदर खोचून आत गेल्या.

"खोटं हाये," त्या म्हणाल्या. "पह्यल्या पानापासून खोटं हाये." गुरुजी हसले. सासूबाई थांबल्या नाहीत. "अन् म्हनूनच दुसरा भाग पाह्यजे. आमी रोज त्याच्यासंग भांडतो जी. भांडता भांडता सूप कवा भरते, समजत नाई. पुस्तक नाई देलं तं आमी खोटं कोनाले म्हनाचं? तुमाले?"

सतरंजीवर हशा पिकला. गुरुजी गडबडले. "पण बाई, तो पाळण्यात होता!"

"मंग लिवनाऱ्यानं उतरवला ना त्याले पाळण्यातून! रानीसाठी उतरवला, काय वाईट केलं? खरं तुमी पोराईले शाळेत शिकवा. आमाले दुपारी हे द्या."

"द्या जी, द्या!" दाराशी सर्वांत मोठा आवाज निघाला तो खाणवाल्याच्या बायकोचा. बाकीच्या कशाला मागं राहतात! सासूबाईंनी सरळ टेबलावरचा दुसरा भाग उचलून बगलेत मारला. "अन् नवऱ्याच्या नावावर देत नसान तं माह्या नावावर द्या. अंगठा चालते का?"

गुरुजींनाही हसू फुटलं. त्यांनी शाईचा डबा पुढं सरकवला. गावच्या वाचनालयाची पहिली बाई सभासद झाली, आणि तिला वाचता येत नव्हतं!

आम्ही वरात काढल्यासारख्या गल्लीतून आलो. रविवार असूनही सगळ्या छपरीत बसल्या. मी पुस्तक उघडलं. पूर आलेली नदी राणीनं एकटीनं पोहून पार केली आणि काठावर आली, तर वेणीतला मोगरा जसाच्या तसा ताजा.

"खोटं!" सासूबाई शाईचा अंगठा नाचवत ओरडल्या, आणि सगळी छपरी त्यांच्यामागून ओरडली. मग त्या सूप मांडीवर ओढून माझ्याकडे वळल्या. "वाच आता. अन् मधलं गाळजो नोको."

मी वाचलं. एक ओळ गाळली नाही.