मागच्या डाव्या सीटपुढचं कार्पेट

अण्णा रविवारी संध्याकाळच्या विमानाने येणार होते, आणि शनिवारी सकाळी गाडीचं दार उघडलं तर आत माशाचा वास.

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी आयुष्यभर साहेबांची गाडी चालवली. साहेब मागे डावीकडे बसायचे. गाडी थांबली की अण्णा उतरून, वळसा घालून ते दार उघडायचे. साहेब बदलत गेले, सीट तीच. त्या सीटवर अण्णा स्वतः कधी बसले नाहीत. आतलं पुसताना गुडघा टेकायचे, तेवढाच संबंध. बंगल्याच्या फाटकाबाहेर सायकल धरून मी ते कितीदा बघितलंय.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. पदवी घेतली, बँकेची परीक्षा दिली, अधिकारी झाले, बदलीवर कोलकात्याला आले. सॉल्ट लेकला ऑफिस, डमडमला भाड्याचा फ्लॅट. गेल्या वर्षी गाडी घेतली, जुनी असली तरी माझ्या नावावर. अण्णांनी ती फक्त फोटोत बघितली होती. विमानतळावर गाडी न्यायची, मागचं डावं दार मी उघडायचं, आणि अण्णांनी तिथे बसायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक हसले असते किंवा कौतुक करत बसले असते, आणि मला दोन्ही नको होतं.

आणि वास नेमका त्याच सीटपुढे होता.

झालं होतं असं की मंगळवारी ऑफिसातल्या एका दादांना मी घरापर्यंत सोडलं. वाटेत त्यांनी अख्खा इलिश मासा घेतला. बर्फातली पिशवी मागे पायाशी ठेवली, शेजारी रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून आलेले बूट. उतरताना म्हणाले, "गाडी को कुछ नहीं हुआ, मैडम, पक्का पैकिंग है." दुसऱ्या दिवशी मी तीन दिवसांच्या ट्रेनिंगला बाहेरगावी गेले. गाडी खाली बंद उभी. बर्फ कुठे गेला असेल ते आता नाकाला कळत होतं.

गाडी साफ करणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, सोमवारी आणा, दोन दिवस ठेवावी लागेल. मी म्हटलं, राहू दे. धुणं बाहेर देण्याची पद्धत आमच्या घरात कधी नव्हती.

मग मी ते केलं जे मला येत होतं. आमच्याकडे वाकळा, म्हणजे गोधड्या, नदीवर धुतात. साबण भरपूर, पाणी त्याहून भरपूर, आणि वर उभं राहून पायांनी तुडवायचं. रबरी मॅट बाहेर काढली, कुंच्याने वाळू झाडली, दोन बादल्या पाण्यात कपड्यांची पावडर कालवली आणि मगाने ओतत सुटले. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, गाडीत कमरेत वाकून, छताला डोकं लावून मी ते कार्पेट तुडवलं. काळा फेस आला तशी मला मजाच वाटायला लागली. निघतंय, निघतंय म्हणत आणखी ओतलं.

वरच्या मजल्यावरच्या दिदी बाजारातून परतत होत्या. पिशवी घेऊन थांबल्या.

"ए की! गाडी के अंदर नाचती है?"

"धो रही हूँ, दिदी."

"इतना जल? जाएगा किधर?"

मी म्हटलं, सूख जाएगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि जिना चढल्या.

टॉवेलने टिपलं. चार टॉवेल पिळून झाले. पार्किंगमध्ये गार्डच्या केबिनमधून वायर ओढली आणि टेबलफॅन दाराशी लावला. मग घरी जाऊन काहीतरी करावं तर जमेना. कणीक मळायला घेतली आणि अर्धी टाकून खाली आले. हात लावला, वास घेतला, वर गेले. पुन्हा खाली. गार्ड म्हणाला, "मैडम, आपका पंखा कोई नहीं ले जाएगा." पंख्याची काळजी कोणाला होती?

रविवारी सकाळी वरून हात फिरवला. कोरडं! वासही साबणाचाच. मी एवढी खूश झाले की मॅट परत टाकायला आत शिरले आणि गुडघा टेकला. गुडघ्याभोवती पाणी वर आलं. स्पंज दाबावा तसं. आणि त्याबरोबर वास आला, साबण, मासा आणि ओली गोणी यांचा मिळून, आधीपेक्षा वाईट.

दिदींनी वरून खायचा सोडा आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून दिला. बोलल्या काहीच नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. सोडा टाकला, कागद दाबले. कागद ओले, सोड्याचा चिखल. दुपारचा एक वाजला होता.

हे काम जगात नक्की कोणाला येतं ते मला माहीत होतं. तो माणूस त्या वेळी पुण्याच्या विमानतळावर आयुष्यात पहिल्यांदा विमानाची वाट बघत बसला होता. आणि नेमकं त्यालाच विचारायचं नव्हतं. विचारलं की ते गाडीत बसणार नाहीत, गाडी पुसायला घेतील. एवढं शिकून मी त्यांच्या हातात पुन्हा फडकंच द्यायचं का?

दीडपर्यंत तशीच पायरीवर बसून राहिले. मग फोन केला.

"अण्णा, पोचलात का विमानतळावर?"

"पोचलो की मगाशीच. सकाळी सहालाच निघालो व्हतो. बूट काढाय लावलं गं मला, तपासायला."

"बरं. अण्णा, एक विचारू? साहेबांच्या गाडीत कधी कार्पेटवर पाणी सांडलं तर..."

"किती वतलंस?"

मी पायाशी पडलेल्या बादल्यांकडे बघितलं.

"बोल की. किती?"

"दोन बादल्या."

पलीकडे विमानाची घोषणा चालू होती. ती संपल्यावर अण्णांचा आवाज आला.

"वाकळ धुतलीस काय गं तू?"

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, हो.

"आगं, त्याच्या बुडाला जाड फेल्ट असतंय, गादीगत. नदीत पाणी व्हावून जातंय, गाडीत कुठं जाणार? कार्पेट धुवायचं नसतंय, पुसायचं असतंय. आता ऐक. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी बघ. प्लास्टिकची. वर वढ, निघती. जोर लावू नको, खटके मोडतील."

मी फोन कानाला दाबून पट्टी ओढली. निघाली.

"आता कोपरा धर आन् वर उचल. खाली काहीतरी घाल. वीट, डबा, काय बी. वारं खालनं गेलं पायजे. वरनं पंखा लावून काय हुतंय?"

डब्याची झाकणं, दोन पातेली, पोळपाट, जे हाती लागलं ते मी खाली सरकवलं. पंखा त्या पोकळीत वळवला.

"फेल्टावर कोरडा टॉवेल टाक आन् वर उभी ऱ्हा. पाच मिनिटं. नाचू नको, नुसती उभी ऱ्हा. मग दुसरा टॉवेल. आन् साबण लई घातलास आसशील."

"थोडा जास्त झाला."

"साबण राहिला की धूळ धरतोय. व्हिनेगार हाय घरात? पाण्यात झाकणभर टाक, फडकं घट्ट पिळून पूस. घट्ट! वास त्यानंच जाईल." मग जरा थांबून, "मासा हाय काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"साबण कुणी उगंच इतका घालत न्हाई."

त्यांना विमानात बोलावलं म्हणून फोन ठेवावा लागला. शेवटचं वाक्य होतं, "ऱ्हाऊ दे, मी आल्यावर बघतो." ते वाक्य मला दुपारभर पुरलं. ते खरं होऊ नये म्हणून मी टॉवेलवर उभी राहिले, पिळला, पुन्हा उभी राहिले. दिदी त्यांचे टॉवेल घेऊन खाली आल्या आणि दुसऱ्या बाजूने दाबायला लागल्या. चारपर्यंत टॉवेलला पाणी यायचं थांबलं. ओल होतीच. वास मात्र खरोखर गेला होता. कार्पेट खाली बसवलं, पट्टी दाबली, खटके लागले.

विमानतळावर अण्णा बाहेर आले, हातात कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी त्यांच्या हाताला धरून गाडीशी आणलं आणि मागचं डावं दार उघडलं.

ते बघत राहिले. "म्होरं बसतो की."

"नाही. इथे."

"आगं, एकटंच मागं..."

"अण्णा, बसा."

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारचा टॅक्सीवाला वळून बघायला लागला. अण्णा बसले. बसण्याआधी बूट काढून मांडीवर घेतले. मी म्हटलं, घाला ते, तर म्हणाले, "ओल्यावर बूट टेकला की डाग पडतोय."

मी गाडी काढली. आरशात बघत होते. ते शहर बघतील, दुकानं बघतील, काही विचारतील असं मला वाटत होतं. ते मान खाली घालून अनवाणी पायाने कार्पेट दाबून बघत होते. आधी अंगठ्याने, मग टाचेने, मग कोपऱ्यात. माझा जीव तिकडेच.

"हितं ओल हाय थोडी," शेवटी ते म्हणाले. "बाकी बरं केलंस."

"अण्णा, कसं वाटतंय?"

"काय?"

"मागे बसून."

सिग्नल लागला होता. त्यांनी मान वर करून पुढे बघितलं. बूट मांडीवरच.

"हितनं काय दिसतंय? ड्रायव्हरचं खांदं दिसत्यात." मग म्हणाले, "तू लई वर उचलून धरतीस. दुखत असतील की. खाली सोड."

त्यांचे खांदे इतकी वर्षं त्या सीटवरून कितीजणांनी बघितले असतील. खांदे खाली सोड असं त्यांना कोणी म्हटलं होतं का, ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला. मी खांदे खाली सोडले. पुढच्या वळणापर्यंत ते पुन्हा वर गेले होते, आणि अण्णांनी मागून परत सांगितलं.