दाढ दुखायची थांबली

आमचे हे, गोपाळकृष्ण, मंडईजवळ ब्लाउज शिवतात. हात सफाईदार, जीभ मात्र कात्रीसारखी. गिऱ्हाइकानं विचारावं, "दिवाळीपर्यंत नक्की ना?" की हे मान वर न करता म्हणणार, "कुठल्या वर्षीच्या?" मीही सुटत नाही. माझ्या स्वेटरची बटणं वर-खाली लागली, की "अगं, आग लागलीय का कुठं?" म्हणत स्वतः नीट लावणार.

यांची खालची दाढ कधीची किडलेली, त्यात मधुमेह. डॉक्टरकडे चला म्हटलं, की "दाढ माझी, तुला काय घाई?" लवंगेचं तेल झालं, मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या झाल्या. एका सकाळी दाढ दुखायची एकदम थांबली. "बघ, तीच कंटाळली!" म्हणाले, आणि मी घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. मेलं दुखणं थांबलं कुठलं! पू जबड्यातून खाली उतरला होता, हे नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेले. अस्मिता, नेहमीची गिऱ्हाईक, विचारत होती, "काका, उद्या नक्की ना?" यांनी नुसती मान हलवली. मी डबा तसाच खाली ठेवला. जवळ जाऊन बघते तर हनुवटीखाली सूज, गळा टणक, तोंड उघडेना, लाळ गिळवेना. जरा आडवं केलं तर श्वासच अडकला. "अगं, रिक्षा बघ!" मी अस्मितावर ओरडले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दाढेतला संसर्ग मानेत पसरलाय. साखर वाढलेली, म्हणून जास्तच. श्वासाची वाट बंद होतेय, गळ्यात नळी घालावी लागेल."

"बोलतील ना हो?"

"आधी श्वास घेऊ देत."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसवेना. खिडकीपर्यंत जायचं, परत दाराशी यायचं. गारठले म्हणून पिशवीतला स्वेटर चढवला. पुन्हा फेऱ्या. जन्मभर म्हणत आले, जरा गप्प बसा हो. देवा, असं नव्हतं रे म्हणायचं मला!

आत सोडलं तेव्हा हे शुद्धीवर होते. गळ्यात नळी, आवाज नाही. माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर आठी.

"दुखतंय का? सिस्टरना बोलावू?"

मान हलली, नाही. सलाइनचा हात हळूहळू वर आला, माझ्या स्वेटरपाशी थांबला. बोटांनी चुकीचं बटण काढलं, बरोबर काजात घातलं. मग त्याच्या खालचं. मी रडत तशीच वाकून उभी राहिले, सगळी लावून होईपर्यंत.