अठ्ठ्याण्णव नंबरची नाव

शिडाच्या शर्यतीत पहिली आलेली नाव जिंकतेच असं नाही. नांदेडजवळच्या धरणावर एक हौशी क्लब होता. तिथे लहानमोठ्या शिडाच्या नावा एकाच शिट्टीला सुटायच्या. मोठं शीड पुढे जाणारच, मग छोट्यानं यायचंच कशाला? म्हणून प्रत्येक जातीच्या नावेला एक नंबर दिलेला असायचा. नाव जितकी चपळ, तितका नंबर लहान. लागलेले सेकंद शंभरनं गुणायचे आणि नावेच्या नंबरानं भागायचे. ज्याचा आकडा कमी, तो जिंकला. दोघांनी चालवायच्या नेहमीच्या नावेचा नंबर शंभर, एकट्यानं चालवायच्या छोट्या नावेचा एकशे वीस. मी चौथी शिकलेली बाई, पण मला गुणाकार-भागाकार पक्के येत होते. क्लबमधल्या शिकलेल्यांचे चुकायचे. म्हणून घड्याळ आणि वही माझ्याकडे आली.

आम्ही तिथे आलो भूकंपानंतर. माझे मालक सुतार. त्या रात्री आम्ही दोघं मुदखेडला एका घराच्या दारं-खिडक्यांच्या कामाला होतो. आमची लेक आणि माझी सासू लातूरकडे गावी. त्या दोघी राहिल्या नाहीत. एवढंच लिहिते, कारण त्यापुढे लिहिण्यासारखं काही नाही. सरकारनं नव्या गावात घर दिलं, त्यात आम्ही राहिलो नाही. क्लबला नावा दुरुस्त करायला आणि राखणीला माणूस हवा होता. काठावर पत्र्याची खोली मिळाली. दोघांनी एका खोलीत राहून दिवसभरात चार वाक्यं बोलायची, असं आमचं चाललं होतं.

मालक दुरुस्त केलेली नाव पाण्यात तपासून बघायचे. त्यातूनच चालवायला शिकले. मग दीड वर्ष खपून त्यांनी स्वतःची एक नाव बांधली, एकट्यानं चालवायची, अरुंद, हलकी. तिच्यावर लेकीचं नाव रंगवलं. मला ते आवडलं नाही. मी तसं सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. शेडमध्ये एक फळी होती, वर्षाची मोठी शर्यत जिंकणाऱ्या नावेचं नाव तिच्यावर लिहायचे. मालकांना तिथे ते नाव पाहिजे होतं. मला बोलून दाखवलं नाही. पण रोज फळी पुसणारा माणूस कशासाठी पुसतो, हे बायकोला कळतं.

नव्या जातीच्या नावेला नंबर नव्हता. सचिव म्हणाले, "मिस्त्री, तीन शर्यती बघू, मग ठरवू."

क्लबात एक दाताचे डॉक्टर होते, शंभर नंबरची नाव चालवायचे. ते हसून म्हणाले, "जरा दमानं घ्या मिस्त्री. लई पळालात तर मोठा नंबर कसा मिळंल?"

"दमानं चालवायला नाव बांधली न्हाई म्या," मालक म्हणाले.

नवी नाव आणली की पहिले काही रविवार शीड थोडं ढिलं ठेवायचं, म्हणजे नंबर मोठा मिळतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनाही ठाऊक होतं. तरी तिन्ही रविवारी ते जीव तोडून पळाले, सगळ्यांच्या आधी आले. डॉक्टरांनी विचारलं, "इंजिन लपवलंय का वो खाली?" नंबर मिळाला अठ्ठ्याण्णव. म्हणजे डॉक्टरांना हरवायचं तर तासामागे सव्वा मिनिट आधी यायचं.

घरी मी म्हटलं, "येडे हाव का तुम्ही? आपल्या हातानं गळ्यात धोंडा बांधून घेतला."

"नाव खरी हाय, तर नंबर बी खरा असू दे," एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी वारा चांगला होता. पाण्यातल्या शेवटच्या खुणेला मालकांनी वळण जरा लांबून घेतलं, तरी सगळ्यांच्या पुढे. त्यांची नाव रेषेवरून गेली तेव्हा घड्याळात पन्नास मिनिटं दोन सेकंद झाले होते. मी पेन्सिलीनं लिहिलं. सचिव झेंड्यापाशी होते, बाकीचे मागच्या नावांकडे बघत होते. डॉक्टर बरोबर एक्कावन्न मिनिटांनी आले. त्यांचा नंबर शंभर, त्यांचा आकडा तोच राहणार, तीन हजार साठ. मी मालकांचे तीन हजार दोन सेकंद घेतले, गुणले, भागले. तीन हजार त्रेसष्ट. अठ्ठावन्न सेकंद आधी येऊन माणूस तीन सेकंदांनी हरला होता.

चार सेकंद आधीचं लिहिलं असतं तर एका सेकंदानं जिंकला असता. वही माझ्या मांडीवर, खोडरबर हातात, आणि माझ्याशिवाय ते घड्याळ कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी आकडे मोठ्यानं वाचले.

सचिवांना वाईट वाटलं. म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वर्षी नंबर शंभर करू."

"गरज न्हाई," मालक म्हणाले. त्यांनी वही मागितली, उभ्यानंच भागाकार करून पाहिला, परत दिली. "बरोबर हाय. वळणावर म्या हुकलो." नंतर त्यांनी शर्यत केली नाही. आम्ही चार वाक्यं बोलायचो, ती दोन झाली.

पुढे क्लबमधली पोरं एकेक करून लातूरला क्लासेसना गेली. पालक म्हणायचे, नाव चालवून डॉक्टर होता येत नाही. क्लब बंद पडला. आम्हीही लातूरला गेलो, क्लासच्या पोरांची मेस चालवली. माणसांनी भरलेलं घर, आणि बोलायला कुणी नाही, असे पुष्कळ दिवस गेले.

मालक जाण्याच्या आदल्या वर्षी, दुपारची पंगत उठल्यावर आम्ही दोघं जेवत होतो. अचानक म्हणाले, "त्या दिवशी पन्नास मिनिटांवर नक्की दोन सेकंदच हुते?"

"दोनच."

"खोडावं असं तुला वाटलंच न्हाई?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. "वाटलं," मी म्हटलं. "खोडरबर टेकवला होता कागदावर."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "मला वाटलं, तुला काय पडलीच नव्हती," म्हणाले, आणि ताट पुढे करून आणखी अर्धी भाकरी मागितली.