मुरूमच्या बाजारात नातीचा रोबोट

तिसरीतनं शाळा सोडली आणि मुरूमच्या आठवडी बाजारात म्या तीस वर्षं हातगाडा ओढला. पोत्यांनी भरलेला गाडा गर्दीतनं न्यायचो, पण कुणाच्या पायावर चाक गेलं न्हाय. हे मी सांगणारच.

नात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं गुडघ्याएवढा, चार चाकांचा रोबोट केला. सामान घेऊन माणसांतनं आपला आपण चालणारा. बाजाराच्या दिवशी तिचे सर बघायला आले. पिंपळाच्या पारापासून धान्याच्या आडतीपर्यंत त्यानं एकट्यानं जायचं, फेऱ्या दोनच. न्हाय गेला तर वर्षाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या फेरीला तो भाजीवाल्यांच्या रांगेत अडकला. एका बाईचा पाय त्याला लागला. माणसाला लागल्यावर करतो तसं तिनं वाकून त्याला हात लावला, छातीशी नेला. हात जवळ आला की तो थांबायचा. थांबला की मागच्याचा पाय लागायचा, मग तो माणूसही वाकायचा.

"आबा, लोक याच्या पाया पडायलेत," नात रडकुंडीला आली.

"पडू दे. तू त्याला थांबायला कशाला शिकवलंस?"

"माणूस जवळ आला की थांबायलाच पाहिजे. कुणाला लागलं म्हंजी?"

"गर्दीत थांबला तो अडला. हळू व्हायचं, पण चालत ऱ्हायचं. वळायच्या आधी तोंड वळवायचं, लोकांना कळतं हा कुठं चाललाय."

"तुमच्या गाड्याला ब्रेक नव्हता, म्हणून असं म्हणता तुम्ही."

"नव्हताच. म्हणून तर आधीपासनं हळू व्हायचो."

ती लॅपटॉप उघडून पाराच्या कडेला लई वेळ खटखट करत राहिली. माणूस दिसला की मुंगीच्या चालीनं चालायचं, वळायच्या आधी तोंड वळवायचं, अगदी वीतभर राहिला तरच थांबायचं, असं तिनं बसवलं.

दुसऱ्या फेरीला मी वाटेतच उभा राहिलो.

सर म्हणाले, "बाबा, जरा बाजूला व्हा."

"का म्हणून? बाजारात कोण बाजूला होतंय?"

नातीनं कपाळाला हात लावला. रोबोट आला, हळू झाला. त्यानं तोंड उजवीकडं वळवलं आणि माझ्या धोतराला न शिवता पुढं गेला. कांदेवाल्या बाईनं त्याचा रोख बघून टोपली मागं ओढली. कुणी वाकलं न्हाय. आडत येईपर्यंत तो एकदाही थांबला न्हाय.

सरांनी वहीत इंग्रजीत काहीतरी लिहिलं. नात पळत आली. "झालं, आबा. पास."

"व्हणारच हुतं," मी म्हणालो. "चाल कुणाची हाय?"