रिकामं कोणीच नाही

मोनालीला लहानपणापासून एकच खोड, 'का?' विचारायची. पोरगी तिशीला टेकली तरी खोड जाईना, तेव्हा तिने त्यावर पीएचडीच धरली. धुळे-जळगावच्या शिकलेल्या पोरांना काम का मिळत नाही, हा विषय. शिक्षण, जमीन, शहर किती लांब, बापाचा धंदा, सगळं कॉम्प्युटरच्या मॉडेलात घालायचं आणि कोणत्या कारणाचं वजन किती ते काढायचं. त्यापायी बाई तीनशे घरं फिरली. दोन चपला झिजल्या, तिसरी रस्त्यात तुटली.

जळगावला तिचे गाइड भाईदास सरांनी आकडे पाहिले आणि चष्माच काढला.

"मॅडम, तीनशे घरांत बेरोजगार चार?"

"घरचे तसंच सांगतात, सर."

"मग खान्देशात स्वर्गच उतरला म्हणा! अहो, सगळेच कामाला असतील तर मॉडेल तुलना कोणाशी करणार? महिनाअखेर नीट करून आणा."

महिनाअखेर प्रबंध गेला नाही, तर पीएचडी पुढच्या वर्षी. आणि पीएचडीवाल्यांसाठी कायम प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती, ती याच वर्षी. इतकी वर्षं बाई तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवलं तितक्या तासांपुरती मास्तरीण. या जूनपासून कॉलेजने तेही तास दिले नव्हते.

घोळ कुठे झाला ते तिला बसमध्ये उमगलं. 'बेरोजगार' शब्द खेड्यात जड जाईल म्हणून हुशार बाईंनी फॉर्मात सोपा शब्द घातला होता: 'घरात कोणी रिकामं आहे का?' आता सांगा, पोटच्या पोराला रिकामा कोण म्हणेल?

नवा फॉर्म घेऊन ती धरणगावजवळ बेबाबाईंकडे गेली. बेबाबाई ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. त्यांचा मुलगा भटू धुळ्याहून इंजिनिअर होऊन आलेला, तीन वर्षं घरीच.

"परत उनी का व माय? लिखी ले, मना भटू खेती करस. रिकामा नही शे तो!"

"अक्का, फॉर्मातलं नाव बाहेर कोणाला कळत नाही."

"सोयऱ्यासले बठ्ठं कळस! रविवारी भटूले देखाले पोरगीवाला येणार शेतस." मग डोळे बारीक करून, "आनि तू काय करस व?"

"कॉलेजात शिकवते," मोनाली बोलून गेली. बोलली आणि मिरचीचा ठसका लागल्यासारखी खोकत सुटली.

भटू तिला फाटकापर्यंत सोडायला आला.

"ताई, माझं बेरोजगार लिहा. पुण्यापर्यंत अर्ज करून बसलोय. पण मग तुमचंही खरं लिहा, यंदा कॉलेजात तास नाहीत ते ऐकलंय."

"लिहिते. फक्त सांग, गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंस?"

"मंगळवारी कपाशीला पाणी दिलं. घंटाभर."

मोनालीचा पेन थांबला. सरकारी व्याख्या तिने स्वतःच प्रबंधात लिहिली होती: आठवड्यात एक तास काम केलं की माणूस कामावर.

"भटू, मग तू कामालाच आहेस."

"घरच्या शेताला पाणी दिलं म्हणून?" तो हसला. "आईला सांगू नका. पेढे वाटेल."

मतदार यादीतून निवडलेल्या तीनशे घरांत मोनालीचंही एक घर होतं. पहिल्या फेरीत तोताराम नानांनी, तिच्या वडिलांनी, छाती काढून सांगितलं होतं, "आमची पोरगी प्राध्यापक!" आता आपल्या घरचा नवा फॉर्म तिने पुढ्यात घेतला. काम शोधते? हो. मिळालं? नाही. शेवटचा प्रश्न राहिला: गेल्या आठवड्यात तासभर काम? सोमवारी एक बाई रजेवर गेल्या म्हणून कॉलेजने तिला बोलावलं होतं. एका तासासाठी.

आतून नाना म्हणाले, "काय लिहितेस गं एवढं?"

"तुम्ही सांगितलेलं बरोबर निघालं, नाना."

"मग! मी काय खोटं बोलतो?"

मोनालीने आपल्या नावापुढे 'कामावर' लिहिलं, भटूच्या नावापुढेही. फिरून पाहिलेल्या बाकी घरांतही असाच एखादा तास निघाला होता. मॉडेल पुन्हा चालवलं. बेरोजगार चारच.