पदर विणायचा राहिला

आक्का गेल्याचा फोन धुळ्यात शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी आधी कापडाच्या दुकानाकडे धावलो. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं लागतं, आणि ते भावानंच न्यायचं. पण पायरीवरच थबकलो... आक्कानं मला तशी बंदीच घातली होती.

बमरोलीच्या पत्र्याच्या खोलीत तिनं आणि दाजींनी दोन हातमाग मांडले होते. ती विणायची, दाजी डोक्यावर गठ्ठा घेऊन विकायला जायचे. मागामागून माग वाढले, कारागीर आले आणि नव्वद साल उलटल्यावर दाजींना पॉवरलूमचं वेड लागलं. हातमाग एकेक करून सरपणात गेले. उरला फक्त आक्काचा. त्यावर तिनं स्वतःसाठी हिरवं लुगडं लावलं होतं. "भाऊ, मन्हं शेवटलं लुगडं मीच इनसू! दुकानातलं आणशील तर बघ." मी म्हटलं, "अगं, काय अभद्र बोलतेस!" ती खोकत खोकत हसली.

एक दिवस नवे लूम टेम्पोतून दारात आले. जागा कुठं होती? आम्हा विणकरांच्या घरी अर्धवट कापड मागावरून कापत नाहीत. आमचे वडील तापात उठून ते पुरं करायचे. आक्का म्हणाली, "आठवडाभर थांबा." दाजी म्हणाले, "टेम्पो उभा आहे गं! तुला कपाटभर साड्या देतो." आणि त्यांनी स्वतः कात्री चालवली. मेल्या माणसाची आठवण लिहिताना जित्यावर रागावू नये म्हणतात, पण मला राग येतोच. धंदा पलसाण्यापर्यंत पोचला, पर्वत पाटिया भागात बंगला झाला. आक्का त्या बंगल्यात दम्यानं झिजत गेली. कपाटातल्या साड्यांची घडी तिनं कधी मोडली नाही.

मी रिकाम्या हातानं पोचलो. बायकांनी ट्रंकेतला तो हिरवा तुकडा काढून तिला नेसवला. अंग कसंबसं झाकलं, पण डोक्यावर घ्यायला पदरच नव्हता. पदर शेवटी विणतात... तोच राहिला होता. कुणीतरी गोदामातली भारी साडी आणली. दाजी ओरडले, "ती नको!" मग भिंतीला टेकून खाली बसले. "आठवडाच मागत होती रे..."

परवा पुन्हा गेलो. त्या मागावरचा उरलेला ताणा, म्हणजे न विणलेले उभे धागे, आक्कानं माळ्यावर जपून ठेवला होता. दाजी तो मांडीवर घेऊन बसले होते, उंदरांनी कुरतडलेले धागे जोडत. जन्मभर विकणारा माणूस, त्याला विणकराची गाठ कुठून येणार? मारली की सुटत होती.

मला ती गाठ येते. मी दाखवली नाही.